वारसा हवा, कर्ज नको?

जुलै 2021मध्ये म्युनिकच्या सी. एच. बेक या प्रकाशनसंस्थेने आपल्या चार कायदेग्रंथांची नावे बदलली. ‘पालांट’चा ‘ग्र्युनेबर्ग’ झाला, ‘शोनफेल्डर’चा ‘हाबरझाक’. राज्यघटनेवरच्या भाष्यग्रंथावरून माउन्त्स यांचे नाव उतरले आणि प्राप्तिकरावरच्या ग्रंथावरून ब्ल्युमिष यांचे. ही सगळी माणसे नाझी काळात राजवटीच्या कामात सक्रिय होती. तेव्हापासून रस्ते, पुतळे, संस्था यांच्या नावांवर कुठेही वाद पेटला की या प्रसंगाचा दाखला निघतो. एक बाजू म्हणते, बघा, जर्मनसुद्धा आता इतिहास पुसायला लागले. दुसरी म्हणते, बघा, जर्मनांनी इतिहासाचा कसा स्वच्छ निकाल लावला. मला दोन्ही बाजू एकाच चुकीत अडकलेल्या वाटतात: दोघांनाही मुखपृष्ठापलीकडे जायचे नाही. नावे बदलली ते योग्यच झाले, उशिरा झाले, आणि एवढ्याने प्रश्न मिटला असे मानणे भाबडेपणाचे आहे. खरा प्रश्न वारशाचा आहे. अडीचशे वर्षांची अखंड परंपरा सांगणाऱ्या घराण्याला त्यातली नाझी राजवटीची बारा वर्षे परक्याच्या खात्यावर टाकता येतात का?

आधी हे घराणे कोण, ते पाहू. 1763मध्ये कार्ल गोटलोब बेक नावाच्या गृहस्थाने बव्हेरियाजवळच्या न्योर्डलिंगेन या तटबंदीच्या गावात एक छापखाना आणि पुस्तकाचे दुकान विकत घेतले. तेव्हा हे गाव स्वतंत्र शहर होते, बव्हेरियात ते नंतर आले. संस्थेच्या नावातली ‘सी. एच.’ ही आद्याक्षरे त्याच्या मुलाची, कार्ल हाइनरिखची. पुढे कर्ते पुरुष लवकर गेले तेव्हा घरातल्या विधवांनी धंदा तगवून धरला. ओस्कार बेकने 1889मध्ये बिऱ्हाड म्युनिकला हलवले, पण छपाई न्योर्डलिंगेनलाच राहिली. 1924पासून कारभार हाइनरिख बेककडे. मालकी पिढ्यान् पिढ्या घरातच. एका बाजूला कायद्याची पुस्तके, दुसऱ्या बाजूला इतिहास, तत्त्वज्ञान आणि साहित्य, असा या घरचा दुपदरी संसार. पाश्चात्त्य संस्कृतीच्या ऱ्हासाचे भाकीत करणारा श्पेंगलर याच घरचा लेखक, आणि त्या ऱ्हासावर ‘जीवनाविषयी आदर’ हा उतारा सांगणारे आल्बर्ट श्वाइट्झरही. भारतीय विचारवंतांच्या जीवनदृष्टीवरचे श्वाइट्झर यांचे पुस्तक 1935मध्ये इथूनच आले. असे घराणे आपला वाढदिवस साजरा करणारच. 2013मध्ये अडीचशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा संस्थेने दोन जाडजूड इतिहासग्रंथ काढले. एक प्राचीन इतिहासाचे अभ्यासक श्टेफान रेबेनिश यांचा, दुसरा कायद्याच्या इतिहासाचे अभ्यासक उवे वेझेल यांचा.

म्हणजे लपवाछपवीचा सरसकट आरोप टिकणार नाही. माहिती होती आणि घरच्याच पुस्तकांतून ती छापलीही गेली. काय होती ही माहिती? बर्लिनमध्ये ओटो लिबमान नावाचे ज्यू प्रकाशक होते. 1890पासून त्यांनी कायद्याचे प्रकाशन उभे केले, 1896पासून ‘डॉइच युरिस्टेन-त्साइटुंग’ हे वकील-न्यायाधीशांचे मातब्बर नियतकालिक चालवले, आणि न्यायालयात हाताशी ठेवता येतील अशा आटोपशीर भाष्यग्रंथांची प्रथा रुजवली. हिटलर सत्तेवर आला त्या वर्षीच्या, म्हणजे 1933च्या, डिसेंबरात लिबमान यांनी सगळे हाइनरिख बेकला विकले. पुढे काय झाले पाहा. त्या नियतकालिकाचे संपादक झाले राजवटीचे समर्थक कायदेपंडित कार्ल श्मिट. जून 1934च्या शेवटी हिटलरने पक्षाच्याच निमलष्करी दलाचा प्रमुख ऱ्योम आणि इतर अनेकांना खटल्याविना ठार मारवले, आणि 1 ऑगस्टच्या अंकात श्मिट यांनी लेख लिहिला की नेता स्वतःच कायद्याचा रक्षक असतो, तोच सर्वोच्च न्यायाधीश. एका ज्यू माणसाने चाळीस-एक वर्षे खपून जे व्यासपीठ उभारले, त्यावरून आठ महिन्यांच्या आत हे बोलले गेले. 1936मध्ये याच प्रकाशनाने न्युरेंबर्गच्या वंशकायद्यांवरचे श्टुकार्ट आणि ग्लोबके यांचे भाष्य काढले. कोण ज्यू, कोण अर्धा ज्यू, कोणाचे लग्न कोणाशी बेकायदा, याचा कलमवार उलगडा त्यात होता. हेच हान्स ग्लोबके पुढे 1953 ते 1963 अशी दहा वर्षे पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते.

आणि पालांट? जर्मन नागरी संहितेवर एकखंडी भाष्यग्रंथ काढायचे ठरले होते. त्याचे ठरलेले संपादक गुस्ताव विल्के 1938मध्ये वारले. मग ओटो पालांट यांना बोलावले गेले. ते न्यायखात्याच्या परीक्षामंडळाचे अध्यक्ष. देशभरातला प्रत्येक होतकरू वकील आणि न्यायाधीश त्यांच्या चाळणीतून जायचा, आणि त्या चाळणीत कायद्याच्या ज्ञानाइतकीच राजवटीवरची निष्ठाही तपासली जायची. पालांट यांनी प्रस्तावना आणि उपोद्घात लिहिला, बाकी भाष्य इतरांनी. वजन होते ते पदाचे. ग्रंथ निघाला, चालला, राजवट गेली, पालांट 1951मध्ये वारले, नाव राहिले. 2021ची ऐंशीवी आवृत्तीसुद्धा ‘पालांट’च होती.

आता विरोधी बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा घेऊ. तो असा की ही नावे व्यक्तींची उरलेलीच नाहीत. आपल्याकडे वकील ‘रतनलाल-धीरजलाल काढा’ म्हणतात किंवा ‘मुल्ला काय म्हणतो?’ विचारतात, तेव्हा ज्यांच्या नावाने ते कायदेग्रंथ ओळखले जातात त्या सद्गृहस्थांचे चरित्र कोणाच्या डोक्यात असते? ते टेबलावरचे हत्यार. ‘पालांट’ही तसाच: राखाडी बांधणी, तीन हजारांवर पाने, आणि जागा वाचवण्यासाठी शब्द इतके तोडलेले की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती वेगळीच भाषा वाटावी. लाखो निकालपत्रांत, ग्रंथांत त्याच नावाने संदर्भ दिलेले. कोणी तरी एक वाईट माणूस होता म्हणून सगळ्या न्यायव्यवस्थेची संदर्भाची सवय मोडायची? मुद्दा हलका नाही. संदर्भपद्धतीचे सातत्य ही कायद्याच्या कामात चैन नसते, गरज असते.

पण याच युक्तिवादात त्याचे उत्तर आहे. नाव जर निव्वळ खूणचिठ्ठी असेल, तर ती बदलल्याने काय बिघडते? एक्याऐंशीवी आवृत्ती ‘ग्र्युनेबर्ग’ म्हणून आली आणि जर्मन न्यायालये दुसऱ्या दिवशी उघडलीच. आणि नाव जर इतके मोलाचे असेल की ते टिकवण्यासाठी वर्षानुवर्षे मागणी परतवून लावावी, तर तो बहुमान आहे हे मान्य करावे लागेल. दोन्ही गोष्टी एकदम म्हणता येत नाहीत. ‘नावात काय आहे’ हे नेहमी तोच म्हणतो ज्याचे नाव आधीच पाटीवर असते. हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978चा, अंमल 1994चा. मधल्या सोळा वर्षांत हा प्रश्न कोणी कोणाला विचारला आणि त्याची किंमत कोणी मोजली, ते आठवून पाहावे. शिवाय सवयीने नाव उच्चारले जाणे हाच सन्मानाचा सर्वांत टिकाऊ प्रकार. पुतळ्याकडे निदान मान वर करून पाहावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर माणसांचा आहे. नाव ठेवा, आत खुलासा छापा. वाचकाला अस्वस्थ होऊ द्या. पुसून टाकले की विसरणे सोपे होते. बेक प्रकाशनाने आधी हीच वाट धरली होती आणि ती निव्वळ पळवाट होती असे मी म्हणणार नाही. यात तथ्य आहे, आणि ते कुठे आहे हे पाहायचे असेल तर पूर्वीचा ‘शोनफेल्डर’ हातात घ्यावा. जर्मनीत कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी ही लाल वीट बाळगतो. महत्त्वाचे कायदे एकत्र, पाने सुटी, कडीत अडकवलेली. कायदा बदलला की संस्था नव्या पानांचा गठ्ठा पाठवते. विद्यार्थी बसून जुनी पाने काढतात, नवी घालतात, पातळ कागद फाटतो, वैतागतात. हाइनरिख शोनफेल्डर यांनी 1931मध्ये हे संकलन केले, 1935पासून ते सुट्या पानांचे झाले. त्यातल्या प्रत्येक कायद्याला क्रमांक आहे, आणि नागरी संहितेचा क्रमांक आहे 20. सगळ्या खाजगी कायद्याचा पाया असलेली संहिता विसाव्या क्रमांकावर का? कारण नाझी काळात सुरुवातीच्या क्रमांकांवर पक्षाचा कार्यक्रम आणि राजवटीचे कायदे बसवले होते. 1945 नंतर ती पाने कडीतून निघाली. क्रमांक मात्र कोणी हलवले नाहीत.

याहून बोलके स्मारक कोणते? आणि ते ‘हाबरझाक’ नावाखालीही जसेच्या तसे आहे. म्हणजे इतिहास आठवणीत ठेवायला मुखपृष्ठावर गौरव लागत नाही; तो ग्रंथाच्या रचनेत, घराच्या दप्तरात, लिहिलेल्या इतिहासात राहतो. शोनफेल्डर हे युद्धकाळात लष्करी न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि 1944मध्ये इटलीत मारले गेले, ही माहिती नाव मुखपृष्ठावर असताना किती विद्यार्थ्यांना होती? नाव बदलण्याच्या वादानेच ती बहुतेकांना कळली. ‘नाव काढले की विस्मरण होईल’ हे गृहीतक या प्रकरणापुरते तरी उलटे ठरले आहे. सत्तर वर्षे नाव होते आणि विस्मरणही होते.

माउन्त्स यांच्याबाबत तर ‘खुलासा छापा’ हे उत्तर हास्यास्पद ठरते. थिओडोर माउन्त्स यांनी नाझी काळात पोलिसी सत्तेला कायद्याचे अधिष्ठान देणारे लेखन केले, युद्धानंतर नव्या लोकशाही घटनेचे प्रमुख भाष्यकार झाले, बव्हेरियाचे शिक्षणमंत्री झाले, आणि जुने लेखन बाहेर आल्यावर 1964मध्ये पायउतार झाले. इथपर्यंत ‘माणूस बदलतो’ म्हणता आले असते. 1993मध्ये ते वारले आणि मग उघड झाले की अतिउजव्या ‘नात्सिओनाल-त्साइटुंग’मध्ये ते निनावी लिहीत होते. ज्या भाष्यग्रंथाची सुरुवात मानवी प्रतिष्ठा अभंग आहे या कलमापासून होते, त्यावर हे नाव त्यानंतरही अठ्ठावीस वर्षे होते. किती लांबीची तळटीप पुरली असती?

तिसरा मुद्दा लिबमान यांच्या सौद्याचा. घराण्याच्या बाजूने म्हटले जाते की ही लूट नव्हती. करार झाला, पैसे दिले, बोलणी सभ्यपणे झाली. जबरदस्तीने हिसकावण्याचे प्रकार पुढे सर्रास झाले त्यांच्या तुलनेत हा व्यवहार निश्चितच वेगळा होता. तो फरक नाकारणे अप्रामाणिकपणाचे. परंतु विकणाऱ्याची परिस्थिती काय होती? एप्रिल 1933च्या कायद्यांनी ज्यू न्यायाधीश आणि अधिकारी नोकरीबाहेर फेकले गेले, अनेक ज्यू वकिलांच्या सनदा गेल्या. ज्यू प्रकाशकाचे कायद्याचे पुस्तक कोण लिहिणार, कोण घेणार? चाळीस-बेचाळीस वर्षे स्वतःच्या हिमतीने उभी केलेली संस्था माणूस अशा वर्षी विकतो तेव्हा किंमत योग्य होती का, एवढेच विचारून भागत नाही. त्याला न विकण्याची मुभा होती का, हे विचारावे लागते. हे आजच्या संवेदनशीलतेचे चोचले नव्हेत. अमेरिकी लष्करी प्रशासनाने 1947मध्ये केलेल्या मालमत्ता-परतीच्या कायद्याने हीच कसोटी लावली: छळ झालेल्या व्यक्तीने 30 जानेवारी 1933नंतर केलेली विक्री ही हिरावून घेतलेलीच आहे असे आधी गृहीत धरायचे, आणि तसे नव्हते हे घेणाऱ्याने दाखवून द्यायचे. समकालीन कायदेपंडितांनाच ‘पैसे दिले’ हे उत्तर पुरेसे वाटले नव्हते. लिबमान 1942मध्ये बर्लिनमध्ये वारले.

उरतो तो माणुसकीचा आक्षेप, आणि माझ्या मते सर्वांत कठीण. आजच्या बेक पिढीने यातले काय केले? आजोबा-पणजोबांच्या कर्मांची फळे नातवंडांच्या माथी मारायची हा कुठला न्याय? उलट या पिढ्यांनी तर नाझी काळावरचे उत्तमोत्तम इतिहास छापले. साउल फ्रीडलेंडर यांचा ज्यूंच्या छळाचा दोन खंडांतला इतिहास जर्मन वाचकांपर्यंत याच घरातून गेला. दोष आनुवंशिक नसतो, हे सोळा आणे मान्य. वंशाने दोष ठरवणे हाच तर त्या राजवटीचा धर्म होता.

मात्र दोष आणि दायित्व एक नव्हेत, आणि हा फरक शिकवायला तत्त्वज्ञ लागत नाही. ज्या नागरी संहितेवर बेक घराण्याची कायद्यातली कीर्ती उभी आहे, तिच्या 1967व्या कलमात तो लिहिलेला आहे: मृताच्या देण्यांची जबाबदारी वारसावर येते. वारसाने कर्ज काढले म्हणून नव्हे. त्याने वारसा घेतला म्हणून. नको असेल तर सहा आठवड्यांत नाकारायची सोय आहे. पण 1950वे कलम बजावते की स्वीकार किंवा नकार तुकड्यापुरता करता येणार नाही. घर माझे, गहाणखत काकांचे, असे चालत नाही. आपल्या जुन्या हिंदू कायद्यात तर बापाचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्यच होते. मुंबई इलाख्यात ते इतके ताणले गेले होते की वडिलांकडून फुटकी कवडी न मिळालेला मुलगाही अडकायचा. शेवटी 1866मध्ये कायदा करून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी ठेवावी लागली. तेच माप मी इथे लावतो. बेक घराण्याने जर्मन राष्ट्राचे सगळे पाप फेडावे असे कोणीच म्हणत नाही. जे हातात आले आणि ज्यातून आजवर मिळकत होत आहे, तेवढ्यापुरते तरी उत्तरदायी राहावे. आटोपशीर भाष्यग्रंथांची ती माला लिबमानच्या घरातून आली. ती आजही चालते, विकली जाते.

इथे कौटुंबिक प्रकाशनसंस्थांविषयीच्या आपल्या गोड समजुतीचीही थोडी झडती घ्यायला हवी. भांडवली कंपनीला फक्त ताळेबंद कळतो, घराण्याला मूल्ये कळतात, असे आपण मानतो. बेर्टल्समानचे उदाहरण घ्या. मोन कुटुंबाच्या हातात असलेली, आज पेंग्विन रँडम हाउसची मालक असलेली ही संस्था. नाझींना विरोध केला म्हणून 1944मध्ये आपला कारभार बंद पाडण्यात आला, असे ती वर्षानुवर्षे सांगत आली. 1998मध्ये रँडम हाउस विकत घेताना ही कथा पुन्हा झळकली आणि अंगाशी आली. संस्थेला इतिहासकारांची स्वतंत्र समिती नेमावी लागली, अध्यक्ष हेच फ्रीडलेंडर. 2002च्या अहवालाने दाखवले की विरोध वगैरे काही नव्हता. बेर्टल्समान ही जर्मन सैन्याला पुस्तके पुरवणारी सर्वांत मोठी प्रकाशक होती. तपासाची सक्ती कशामुळे झाली? अमेरिकेतल्या सौद्यामुळे, बाहेरून पडलेल्या उजेडामुळे. घरगुती मूल्यांनी पन्नास वर्षांत ते केले नव्हते. कुटुंब आठवणी जपते हे खरे, पण निवडून जपते. आपल्याही घरी दिवाणखान्यात कोणत्या आजोबांचा फोटो लागतो आणि कोणते ट्रंकेत जातात, हे सगळ्यांना ठाऊक असते.

आणि ‘अखंड परंपरा’ म्हणजे तरी काय? उल्श्टाइन हेही कुटुंबच होते. 1877पासून उभे राहिलेले बर्लिनचे अवाढव्य प्रकाशन 1934मध्ये त्यांना मातीमोल विकावे लागले. झामुएल फिशर यांची संस्था तुटली, जावई अर्धी घेऊन 1936मध्ये व्हिएन्नाला गेला. शॉकेन प्रकाशन 1938मध्ये बंद पाडले गेले. लिबमान यांच्या घरीही मुले होती. अडीचशे वर्षे कोणाची पूर्ण होतात आणि कोणाची त्रेचाळीसवर थांबतात, हे केवळ चिकाटीने ठरले नाही. म्हणून जयंतीच्या ग्रंथात ‘आम्ही टिकलो’ या वाक्यासोबत ‘कोण टिकू दिले गेले नाही’ हे वाक्य यायला हवे, आणि ते शेवटच्या परिशिष्टात नव्हे.

ज्यांनी नामबदलासाठी लढा दिला त्यांचे श्रेय मोठे आहे. विद्यार्थी आणि तरुण वकिलांनी वर्षानुवर्षे रेटा लावला नसता, पुढे बव्हेरियाच्या न्यायमंत्र्यांनीही तोंड उघडले नसते, तर पुढच्या आवृत्त्याही ‘पालांट’ म्हणूनच निघाल्या असत्या. पण विजयाच्या आनंदात त्यांच्यातले अनेक जण थांबले. नवी नावे कोणाची आली? ख्रिस्तियान ग्र्युनेबर्ग हे तेव्हा दिवाणी-फौजदारी खटल्यांच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, माथियास हाबरझाक हे म्युनिकचे प्राध्यापक. दोघेही विद्वान, दोघांच्याही कामाविषयी तक्रार नाही. प्रश्न एवढाच की जागा मोकळी झाली तेव्हा ती सर्वांत निरुपद्रवी रीतीने भरली गेली. ग्रंथाचे नाव आता कोणालाच टोचत नाही आणि कशाचीच आठवण देत नाही. ‘पुसून टाकले’ ही विरोधकांची तक्रार इथे मात्र अंशतः खरी ठरते, फक्त त्यांना अभिप्रेत होते त्याच्या उलट अर्थाने: पालांट पुसला गेला नाही, त्याचे नाव प्रत्येक जुन्या निकालपत्रात आहे. पुसलेला राहिला तो लिबमान.

ग्रंथाला लिबमानचे नाव द्या, ही सूचना त्या चळवळीतूनच आली होती. तिच्यावर आक्षेप सोपा आहे: लिबमान प्रकाशक होते, त्यांनी नागरी संहितेवर एका कलमाचेही भाष्य केलेले नाही, मग त्यांचे नाव भाष्यग्रंथाला कसे? आक्षेप बिनतोड वाटतो, जोवर आपण पहिली आवृत्ती उघडून ओटो पालांट यांनी त्यातल्या किती कलमांवर भाष्य केले होते हे पाहत नाही.